हजेरीबाईंची लाल यादी

हजेरीबाईंना विचारलं तर त्या सांगायच्याच, आणि नाही विचारलं तरी सांगायच्या, की शिकायला आलेला मोठा माणूस काही एका दिवसात वर्ग सोडत नाही. आधी तो पुढच्या बाकावरून मधल्या बाकावर येतो, मग दारापाशी. मग वही विसरायला लागतो आणि शेजाऱ्याकडून कागद मागून घेतो. वाचायला नेलेलं पुस्तक मुदतीच्या आधीच आणून देतो, आणि आपण खुळे म्हणतो, वा, काय शिस्त आहे! अहो, कसली शिस्त, त्याची आवराआवर चाललेली असते. आणि शेवटी 'उद्या येणार ना?' या साध्या प्रश्नाला तो 'बघू' म्हणतो. ज्याच्या तोंडून 'बघू' आलं तो गेलाच म्हणून समजा, असं बाई म्हणायच्या.

बाईंचं खरं नाव केंद्रात कुणी घेत नसे. हजेरीचं रजिस्टर कायम काखेत, म्हणून हजेरीबाई. केंद्र म्हणजे तरी काय, टायरच्या दुकानावर दोन वर्गखोल्या, एक ऑफिस आणि जिन्यात सदा रबराचा वास. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पोटापाण्याला लागलेल्या माणसांना संध्याकाळी वर्षभर शिकवायचं आणि विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला बसवायचं, हे तिथलं काम. बसड्रायव्हर यायचा, रखवालदार यायचा, पार्लरवाली यायची. दर वर्षी नव्वद जण हौसेनं नाव घालायचे आणि परीक्षेपर्यंत चाळीस उरायचे. या गळतीपायीच बाईंना नेमलं होतं. कोण गळणार ते आधी ओळखायचं आणि त्याला धरून ठेवायचं.

त्यासाठी त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल होती. दर शुक्रवारी त्या रजिस्टर उघडून बसायच्या आणि ज्याचं लक्षण ठीक नाही त्याच्या नावापुढे लाल टिंब द्यायच्या. संचालकसाहेबांनी मध्यंतरी कॉम्प्युटरवर तसलंच काहीतरी आणलं होतं, हजेरीचे इतके गुण, गृहपाठाचे इतके, बेरीज अमुक झाली की नाव आपोआप लाल. पण कॉम्प्युटरला बाक दिसत नाही, 'बघू' ऐकू येत नाही. बाई त्याला नाकं मुरडायच्या. गणिताचे सर चिडवायचे, "बाई, माझ्याही नावापुढे एक टिंब देऊन ठेवा, पुढच्या महिन्यापासून माझंही काही खरं नाही." बाई म्हणायच्या, "तुमच्यापुढे दिलंय कधीच."

लाल टिंब पडलं की फोन. ओळीनं तीन दिवस गैरहजर, की चौथ्या दिवशी फोन. आधी त्या माणसाला, त्यानं नाही उचलला तर फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरला, म्हणजे घरी. फॉर्मवर दुसरा नंबर भरलाच पाहिजे असा नियम होता. आणि या घरच्या फोनची बाईंची एक पद्धत होती, पंधरा वर्षांत घासूनपुसून तयार केलेली. आधी कौतुक, मग काळजी, मग मागणी. "तुमची बायको किती हुशार आहे हो!" हे आधी. "पण हल्ली दमल्यासारख्या दिसतात," हे मग. आणि शेवटी, "घरी जरा अभ्यासाला जागा मिळू द्या, डोक्यावरचा भार थोडा हलका करा." नवऱ्याची छाती फुगायची, सासूबाई नरमायच्या, माणूस वर्गात परत यायचा. ही पद्धत बाईंनी इतर केंद्रांतल्या लोकांनाही शिकवली होती, आणि तिचा त्यांना अभिमान होता. का नसावा? चांगलं बोलून कुणाचं वाईट झालंय, असं त्या विचारायच्या.

त्या वर्षी आलेल्यांत एक लाँड्रीवाल्या ताई होत्या. मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत वीस वर्षं चादरी धुणाऱ्या, वाळवणाऱ्या, घडी घालणाऱ्या. अंगानं किरकोळ, हात मात्र वाफेनं लालबुंद. वय चव्वेचाळीस. मोठ्या माणसांसाठी विद्यापीठात ज्या वेगळ्या जागा असतात त्यांच्या परीक्षेला पंचेचाळीस पूर्ण व्हायच्या आतच बसता येतं, म्हणजे ताईंची ही पहिली परीक्षा आणि हीच शेवटची. त्यांना जंतूंचा अभ्यास करायचा होता. "वीस वर्षं झाली, मॅडम, रोज हजार चादरी माझ्या हाताखालून जातात," नाव घालायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. "धुतल्यावर त्यातून काय जातं आणि काय राहतं, ते मला एकदा समजून घ्यायचंय."

फॉर्म भरताना दुसऱ्या नंबरापाशी त्यांचं घोडं अडलं. बराच वेळ पेन नुसतं हातात. मग त्यांनी मुलाचा नंबर लिहिला आणि हळूच म्हणाल्या, "पण घरी फोन नको हं, मॅडम. मुलाला माहीत नाही. त्याला सांगितलंय, ओव्हरटाइम असतो."

"तुम्ही रोज या, मग मी कशाला करते फोन?" बाई हसून म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला खूण केली. रांग मोठी होती. आणि घरी फोन नको असं तर सगळेच म्हणतात. कुणाला नवऱ्याचा धाक, कुणाला नापास झालो तर शोभा होईल याची भीती. पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच गुपित असतं, पुढे आपोआप फुटतं. का नको, हे बाईंनी विचारलं नाही. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आणि ताई रोज यायला लागल्या. पुढचा बाक, डावीकडून दुसरी जागा. गणिताच्या सरांचा तर त्यांच्यावर जीव जडला. पाचव्या महिन्याच्या चाचणीत शंभरपैकी एक्क्याण्णव! सर उत्तरपत्रिका घेऊन ऑफिसात नाचत आले. "बाई, ही बया वीस वर्षं चादरी धूत बसली होती. कुणाच्या तोंडात मारावी ते सांगा." बाईंनी रजिस्टर काढून ताईंच्या नावापुढे नुसती बरोबरची खूण केली. लाल टिंबाचा प्रश्नच नव्हता.

मग परीक्षेला सात आठवडे उरले असताना ताई सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारी नाहीत, बुधवारी नाहीत.

गुरुवारी दुपारी बाईंनी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. झालं काय होतं, तर लाँड्रीतलं मोठं यंत्र बंद पडलं होतं आणि सगळ्यांना खरोखरचाच ओव्हरटाइम लागला होता; आणि कामावर फोन कपाटात ठेवून कुलूप लावावं लागे. पण हे बाईंना नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना एवढंच दिसत होतं, की वर्गातलं सगळ्यात हुशार माणूस गळायला लागलंय. पगारासाठी फोन करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी लाल टिंब दिलं आणि दुसरा नंबर फिरवला. 'घरी फोन नको हं' हे कुठेतरी आठवलं असेल नसेल, पण पंधरा वर्षांची सवय बोटांत होती.

पलीकडे एका तरुण माणसानं उचलला. आवाज असा, की बऱ्याच दिवसांत वापरलेला नाही.

"तुम्ही ताईंचे कोण?"

"मुलगा."

"अरे वा! मग तुलाच सांगते, बाळ," आणि बाईंनी सुरुवात केली. आधी कौतुक. "तुझी आई काय हुशार आहे रे! आमच्या केंद्रात असं डोकं दहा वर्षांत आलं नाही."

"कुठल्या केंद्रात?" मुलानं विचारलं.

इथे थांबायला हवं होतं. इथे माणसानं जीभ चावून 'चुकीचा नंबर लागला वाटतं' म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण बाईंना वाटलं, चला, गुपित फुटलं ते चांगल्या तोंडून फुटलं. त्यांनी सगळं सांगितलं. विद्यापीठाची तयारी, जंतूंचा अभ्यास, पुढचा बाक.

"गणितात किती मिळाले तिला?" मुलानं मध्येच विचारलं. अगदी अदबीनं.

"एक्क्याण्णव!"

मग तो म्हणाला, "छान."

मग बाईंनी काळजी सांगितली. तीन दिवस आल्या नाहीत, दमतात, हे वर्ष गेलं तर वयात बसणार नाही, परीक्षा अमुक तारखेला आहे. आणि शेवटी मागणी. "घरी त्यांना अभ्यासाला एखादा कोपरा दे, बाळ. नीट उजेडाचा, शांत. आणि त्यांच्या डोक्यावरचा भार जरा कमी कर. तू एवढं कर, बाकी त्या बघतील."

"हो," मुलगा म्हणाला. "करतो." आणि आभार मानून त्यानं फोन ठेवला. किती शहाणा मुलगा, बाईंच्या मनात आलं. फॉर्मवर 'घरी संपर्क झाला' या चौकटीत त्यांनी बरोबरची खूण केली.

शुक्रवारी ताई हजर! यंत्र दुरुस्त झालं होतं. बाईंनी दुरूनच पाहिलं आणि मनात स्वतःची पाठ थोपटली. फोनचा गुण, दुसरं काय. ताईंना त्या काही बोलल्या नाहीत. चाललेल्या गाडीला कशाला हात लावा? आणि मुलगाही घरी काही बोललेला दिसत नव्हता, कारण ताई नेहमीसारख्याच होत्या, वर्ग सुटल्यावर घाईघाईनं जिना उतरून जाणाऱ्या. पुढचा मंगळवार उजाडेपर्यंत सगळं सुरळीत होतं.

मंगळवारी ताई आल्या नाहीत. बुधवारी नाहीत. बाई तीन दिवस थांबल्या नाहीत, बुधवारीच फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"बाळा? कुठे आहेस?"

"ताई, मी केंद्रातून..."

"मॅडम, लाइन मोकळी ठेवायचीय," ताई म्हणाल्या आणि फोन बंद.

गुरुवारी तेच. पहिली रिंग, 'बाळा?' आणि बंद. त्यांनी मुलाचा नंबर लावून पाहिला. तो बंद होता.

शुक्रवारी सकाळी त्या हॉस्पिटलात गेल्या. मागच्या दारानं, उतरणीच्या रस्त्यानं तळघरात. आत शिरताच चष्म्यावर वाफ बसली. यंत्रांचा असा घरघराट, की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. ताई लांब टेबलापाशी उभ्या होत्या, समोर चादरींचा ढीग. फोन त्यांनी एप्रनच्या खिशात ठेवला होता. नियम मोडून ठेवला होता आणि मुकादम बघून न बघितल्यासारखं करत होता.

मोठ्या चादरीची घडी एकट्याला घालता येत नाही, दोघं लागतात. ताईंची जोडीदारीण बाहेर गेली होती. ताईंनी काही न बोलता चादरीची दोन टोकं बाईंच्या हातात दिली आणि स्वतः मागे सरकल्या. बाईंनीही ती धरली. दुसरं काय करणार?

"गेलाय," ताई म्हणाल्या. टोकं जुळवत त्या जवळ आल्या, टोकं हातात घेतली, पुन्हा मागे गेल्या. "सोमवारी मी वर्गातून घरी गेले, तर नव्हता. चिठ्ठी नाही, काही नाही. फोन बंद. पोलिसांत सांगून आले. ते म्हणतात, तेवीस वर्षांचा पोरगा आहे, येईल."

"मित्राकडे वगैरे..."

"दीड वर्षात तो घराबाहेर पडला नव्हता, मॅडम."

मग घडीघडीनं सगळं बाहेर आलं. मुलगा तीन वर्षांपूर्वी विद्यापीठात गेला होता. घरातला पहिला. ताईंनी तेव्हा सगळ्या लाँड्रीला ऐकवलं होतं, अगदी कान किटेपर्यंत. दुसऱ्या वर्षी तो परत आला. गणितात अठ्ठावीस, पुन्हा बसला तर चोवीस. तेव्हापासून घरातली ती एकुलती एक खोली आणि तो. ताई स्वयंपाकघरात झोपायच्या. बाहेर चल म्हटलं तर भिंतीकडे तोंड. "त्याची पुस्तकं तशीच पडली होती. म्हटलं, बघावं तरी, असं आहे काय यात, ज्यानं माझ्या पोराला खाल्लं. म्हणून उघडलं. आणि मला ते यायला लागलं हो." ताईंचा आवाज फाटला. "त्याला कुठल्या तोंडानं सांगू, की तुला जमलं नाही ते मला जमतंय? आधी पास होऊ दे, तो जरा सावरू दे, मग सांगेन म्हटलं. म्हणून घरी फोन नको म्हणाले तुम्हाला."

बाईंच्या हातातून चादर सुटली.

"सोमवारी घरी गेले तर खोली झाडून स्वच्छ," ताई आपल्याच तंद्रीत बोलत होत्या. "त्याची गादी गुंडाळलेली. कपडे घडी करून. टेबल ओढून खिडकीपाशी ठेवलेलं. वर काही नाही, नुसतं पुसून ठेवलंय. मॅडम, दीड वर्षं ज्यानं चहाचा कप उचलून ठेवला नाही, तो माणूस एकाएकी खोली आवरतो, ते कशासाठी आवरतो? सांगा ना. तुम्ही तर माणसं ओळखता."

बाईंना ओळखता येत होतं. आवराआवर कशाची असते हे त्याच तर जगाला सांगत आल्या होत्या. पण पळून जाण्यातल्या त्या नव्हत्या, एवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

"ताई, मी फोन केला होता त्याला. त्या गुरुवारी."

यंत्र फिरत राहिलं. ताईंनी जमिनीवर पडलेली चादर उचलली. ती आता पुन्हा धुवायला जाणार होती, ती त्यांनी बाजूच्या गाड्यात टाकली.

"काय म्हणालात?"

बाईंनी शब्दन् शब्द सांगितला. सगळं कौतुक, सगळी काळजी.

"माझे मार्क सांगितलेत?"

"त्यानं विचारले."

ताई टेबलाच्या कडेवर हात टेकून उभ्या राहिल्या. बाईंना वाटलं, आता या ओरडतील, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ताई म्हणाल्या, "तुम्ही चांगलंच बोललात हो. आजवर माझ्याबद्दल असं कुणी बोललं नाही." आणि त्यांनी पुढची चादर ओढली.

त्यानंतरचे पाच आठवडे बाईंनी काय काय केलं नाही! पोलिसांत दोनदा गेल्या. मुलाच्या विद्यापीठात जाऊन त्याच्या वर्गातल्यांना गाठलं. सरांनी ताईंसाठी नोट्स काढून दिल्या, बाई त्या लाँड्रीत पोचवायच्या. ताई घ्यायच्या, टेबलाखालच्या फळीवर ठेवायच्या, आणि पुढच्या वेळी त्या तिथेच असायच्या, घामेजलेल्या, कडा वळलेल्या. कामावरून ताई सरळ घरी जायच्या आणि दार उघडं टाकून बसायच्या. "तो येईल आणि मी वर्गात असेन तर?" त्या म्हणायच्या. "आईला अजून तेच सुचतंय, असं नाही वाटणार त्याला?"

"ताई, तीन तासांची परीक्षा आहे. मी बसते तुमच्या घरी दार उघडून. तुमचा फोन माझ्या हातात. तो आला तर धावत येऊन सांगेन. नुसत्या जाऊन बसा. हे शेवटचं वर्ष आहे, माझे आई!"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघू."

परीक्षेच्या दिवशी त्यांचं प्रवेशपत्र घेऊन बाई फाटकाशी उभ्या होत्या. एकेक जण आत गेला. बसड्रायव्हर गेला, पार्लरवाली बाईंच्या पाया पडून गेली. रखवालदाराला तर बाईंनी कॉलर धरून आणावं तसं आणलं होतं, तोही गेला. नऊला घंटा झाली. सव्वानऊला शिपायानं फाटक ओढलं. "बाई, अजून कुणी यायचंय का?" त्यानं विचारलं. बाई रस्त्याच्या टोकाकडे बघत राहिल्या. त्यानं आणखी दोन मिनिटं थांबून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकसाहेब ऑफिसात खुशीत होते. त्यांच्यापुढे वर्षाचा हिशेब होता. "बाई, कमाल आहे तुमची! शेवटच्या सत्रात तुम्ही ज्यांना लाल टिंब दिलं त्या एकवीस जणांपैकी सतरा जण खरोखरच गळले. कॉम्प्युटरला बारासुद्धा जमले नाहीत. आणि ही लाँड्रीवाली बघा. तेव्हा कॉम्प्युटर म्हणत होता, हिला काही धोका नाही. मार्क उत्तम, हजेरी उत्तम. तुम्ही मात्र सात आठवडे आधी बरोबर हेरलंत!"

बाईंनी रजिस्टर पुढे ओढलं. खोडरबर घेतलं आणि ते टिंब घासायला लागल्या. घासून घासून कागद पातळ झाला, लाल काही जाईना.

"अहो, हे काय करताय?" साहेब म्हणाले.

"ही मोजू नका," बाई म्हणाल्या. "ही गळलेली नाही. हिला मी..." आणि त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. साहेब घाईघाईनं चहा सांगायला बाहेर गेले. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना नेहमीच चहा आठवायचा.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

"मॅडम आहेत का? ज्यांनी मला मागे फोन केला होता त्या."

बाई ताडकन उभ्या राहिल्या. तोच आवाज, पण आता वापरातला. मागे कुठेतरी खोकी आपटल्याचे आवाज, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं.

"अरे, कुठे आहेस तू? जिवंत आहेस ना?"

"हो," तो जरा गोंधळून म्हणाला. "गोदामात लागलोय. इकडे लांब. इथेच राहतो, सहा जण आहोत. मॅडम, काल परीक्षा होती ना? तुम्ही सांगितलेली तारीख मी लिहून ठेवली होती. आईला पेपर कसा गेला?"

बाईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे तिलाच विचारणार होतो," तो भराभर बोलत होता, जणू कित्येक दिवस हे मनात घोळवलेलं. "पण आधी तुम्हाला विचारलं. चांगला गेला असेल तर मग लगेच लावतो तिला. इतके दिवस मुद्दामच बंद ठेवला होता. तिचा आवाज ऐकला असता तर ती म्हणाली असती परत ये, आणि मी गेलोही असतो. मग पुन्हा ती खोली माझी, आणि ती स्वयंपाकघरात. तुम्ही म्हणालात ना, तिला जागा पाहिजे, भार कमी पाहिजे. ते बरोबरच होतं. भार मीच होतो. टेबल खिडकीपाशी लावून आलो होतो. तिथे संध्याकाळपर्यंत उजेड असतो. बसायची ना ती तिथे?"

बाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सवयीनं तोंडात आलं, तुझी आई फार हुशार आहे रे. ते त्यांनी गिळलं.

"ती परीक्षेला बसली नाही, बाळ."

खोकी आपटत होती.

"का?"

"तुला शोधत होती. सहा आठवडे दार उघडं टाकून बसलीय. तिला वाटलं तू..." बाई थांबल्या. "चिठ्ठी का नाही ठेवलीस, अरे, दोन ओळींची?"

"काय लिहिणार? मला तिचं माहीत आहे असं लिहिलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं. तिनं माझ्यासाठीच लपवलं होतं ना?" त्याचा आवाज बारीक झाला. "पण टेबल बघितलं असेल की तिनं. खिडकीपाशी ठेवलेलं."

"बघितलं. रोज बघते."

मग त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तिला बसता येणार नाही. वय संपलं. मी सांगितलं होतं तुला."

"हो. सांगितलं होतं." पलीकडून रडण्याचा आवाज आला, आणि मागच्या कुणाचा तरी, 'काय रे, काय झालं?'

"ऐक, हे बघ, ऐक माझं," बाई म्हणाल्या. कौतुक नाही, काळजी नाही. "आता फोन ठेव आणि आईला लाव. आत्ताच्या आत्ता. पहिल्या रिंगला उचलेल."

फोन ठेवून त्या बसून राहिल्या. साहेब चहा ठेवून गेले, त्यावर साय धरली. खाली टायरवाल्याचा हातोडा सुरू झाला होता. हा आता लावेल की नाही? की धीर होणार नाही, पुन्हा बंद करून बसेल? बाईंना राहवेना. दहा मिनिटांनी त्यांनी ताईंचा नंबर फिरवला.

लाइन व्यस्त होती. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच.